गायरानात खड्डे खोदण्याआधी: खान्देशातलं रान आपलं आपण उभं राहावं म्हणून काय करावं?

माळवाट

राम राम मंडळी.

धुळे जिल्ह्यात बुराई खोऱ्यातल्या एका गावाच्या ४० हेक्टर गायरानाबद्दल विचारायचं आहे. पाऊस सरासरी ५०० ते ५५० मिमी. जमिनीचे तीन भाग पडतात. टेकडीचा खडकाळ माथा आणि वरचा उतार साधारण १८ हेक्टर, मधला बरड मुरमाड पट्टा १६ हेक्टर आणि नाल्याकाठची थोडी खोल माती ६ हेक्टर. उत्तर उतारावर घाणेरी माजली आहे, नाल्यात वेडी बाभूळ. मधल्या पट्ट्यात पळस, बोर, हिवर आणि अंजन आहेत, पण सगळे गुडघ्याएवढे खुरटलेले. गवत म्हणाल तर पोळ्यापर्यंत हिरवं, दिवाळीनंतर जमीन उघडी.

ग्रामपंचायतीपुढे असा प्रस्ताव आहे: जुलैमध्ये १२,००० रोपं, ४५ सेंमीचे खड्डे, दोन वर्षं टँकरचं पाणी, जेसीबीने सगळीकडे समतल चर. रोपांमध्ये गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया), सुबाभूळ, करंज, कडुनिंब आणि शिसू.

प्रश्न एकच. रोपं न लावता, किंवा अगदी थोडी लावून, हे रान सावरेल का? सावरत असेल तर ग्रामसभेसमोर नेमकं काय ठेवायचं?

अंजनपान

सावरेल. पण आधी मोजा, मग बोला. ग्रामसभेत आकडा लागतो.

दहा बाय दहा मीटरचा चौकोन चुन्याने आखा. तिन्ही प्रकारच्या जमिनीत प्रत्येकी ८ ते १० चौकोन घ्या, आणि ते चांगल्या जागा शोधून नकोत. टेकडीवर सरळ रेष धरायची आणि दर ५० पावलांवर एक आखायचा. प्रत्येक चौकोनात जिवंत खुंट, मुळावरून आलेले फुटवे आणि १५ सेंमीपेक्षा उंच रोपटी मोजा. एका खुंटाला दहा फुटवे असले तरी तो एकच. खुंट मेला की जिवंत, हे नखाने किंवा सुरीने साल खरवडून बघा. खाली हिरवं दिसलं तर जिवंत. उन्हाळ्यात खुंट चटकन सापडतात, पण जात ओळखायची तर ऑगस्टअखेर पुन्हा एक फेरी करा.

चौकोन हेक्टरचा शंभरावा भाग असतो. सरासरी ७ आले तर हेक्टरी ७०० झाडं जमिनीत आधीच आहेत, तिथे एकही खड्डा नको. २-३ आले तर मोकळ्या जागीच बी टोबा. शून्य आलं आणि मातीही वीतभर नसेल, तर ती जागा बहुधा झाडांची नाहीच.

ते गुडघ्याएवढं खुरटलेलं अंजन आणि पळस क्षुल्लक समजू नका. बकऱ्या दरवर्षी शेंडा खुडतात म्हणून वर वाढ दिसत नाही, पण खालचं मूळ पंधरा-वीस वर्षांचं असू शकतं. तोंड लागणं थांबलं की असं झुडूप दोन-तीन पावसाळ्यांत डोक्याच्या वर जातं. पिशवीतल्या रोपाला तेवढं मूळ करायला जितकी वर्षं लागतील, तितकी वर्षं टँकर कोण देणार?

आणखी एक धोका आहे. खड्डे खोदणारा मजूर हेच खुरटं 'साफ' करून तिथेच खड्डा घेतो, कारण मऊ माती तिथेच असते. लागवडीच्या कामात अंजनाची जुनी मुळं अशीच उपटली जातात.

गवतकाडी

अंजनपान यांच्याशी सहमत. एक भर घालते.

वरचे १८ हेक्टर हे मला गवताचं रान वाटतं. त्याला 'ओसाड जंगल' म्हणून बघू नये. खान्देशातले खडकाळ, उथळ मातीचे उतार हे पवन्या, शेडा, डोंगरी, मारवेल, कुसळी आणि तिखाडी यांचं घर आहे, मधून एखादी साळई किंवा कडई. तिखाडीचं म्हणजे रोशाचं तेल तर खान्देशातून बाहेर जायचं. अशा जागी दाट झाडं लावली की सावलीने गवत जातं, आणि पाऊस इतका कमी की झाडंही धड होत नाहीत. दोन्हीकडून नुकसान.

चराई थांबल्यावर काय येतं त्याचा क्रम लक्षात ठेवा, नाहीतर पहिल्याच वर्षी गावकरी निराश होतात. पहिल्या पावसाळ्यात तरोटा, रानतुळस आणि आखूड वर्षायू गवतं येतात. दुसऱ्या वर्षी कुसळीचे ठोंब जाड होतात. मारवेल, पवन्या आणि शेडा हे चांगल्या चाऱ्याचे बहुवर्षायू ठोंब तिसऱ्या-चौथ्या वर्षी पसरतात. 'बंदी करून तणच आलं' अशी तक्रार दुसऱ्या वर्षी हमखास येते आणि तिथेच बहुतेक गावं बंदी मोडतात.

ठोंब अगदीच तुरळक असतील तर बी टाकता येतं. शेजारच्या राखलेल्या रानातून ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पिकलेल्या तुऱ्यांचं बी हाताने ओरबाडून घ्यायचं, कोरडं करून गोणीत ठेवायचं आणि पहिला चांगला पाऊस झाला की शेणमातीत कालवून फोकायचं. बी नवं असताना नीट उगवत नाही, सहा-आठ महिने मुरलं की उगवण सुधारते. मातीत खोल गाडू नका, अर्ध्या सेंमीपेक्षा खाली गेलं की संपलं.

तापीकाठ_जळगाव

दोघांचाही मान राखून वेगळं म्हणणं मांडतो. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो. लोकांना सावली हवी आहे. देशाने २०३० पर्यंत २.६ कोटी हेक्टर नापीक जमीन सावरायचं जगाला सांगितलं आहे, संयुक्त राष्ट्रांचं २०२१ ते २०३० हे परिसंस्था पुनर्संचयनाचं दशकही चालू आहे. अशा वेळी 'काही लावू नका, गवत येऊ द्या' हे गावाला कसं पटणार? आणि हवामानासाठी झाडातला कार्बन महत्त्वाचा नाही का?

अंजनपान

तापीकाठ दादा, प्रश्न रास्त आहे.

सावली गावात हवी, रस्त्याकडेला हवी, शाळेत, बाजारात, पाणवठ्यावर हवी. तिथे कडुनिंब, वड, पिंपळ, करंज जरूर लावा, पाणी घाला, जाळी लावा. रोपांचा पैसा तिथे सार्थकी लागतो, कारण तिथे राखणारं माणूस आहे.

२.६ कोटी हेक्टर हा जमिनीचा आकडा आहे, रोपांचा नव्हे. राखून सावरलेलं गवताळ रानही त्यात मोजलं जातं.

कार्बनचं म्हणाल तर कोरड्या मोकळ्या रानात त्याचा मोठा वाटा जमिनीखाली असतो, ठोंबांच्या मुळांत आणि मातीत. तो वणव्यात जळत नाही, दुष्काळात मरत नाही. खड्ड्यांसाठी आणि चरांसाठी जमीन उलथली की तोच आधी उघडा पडतो. मधल्या पट्ट्यात अंजन, धावडा, पळस उभे राहिले की लाकडातला कार्बनही येईल, टँकरविना.

'काही करू नका' असं मात्र कुणीच म्हणत नाही. राखण, तण काढणं, आग अडवणं, फुटवे निवडणं ही वर्षानुवर्षांची कामं आहेत. मजुरी लागते, फक्त ती खड्ड्यांऐवजी इकडे वळते.

साक्रीचा_भाऊ

पटवायला लांब जायला नको. गावकऱ्यांना गाडीत बसवून दोन ठिकाणं दाखवा. धुळे तालुक्यातलं लामकानी, तिथे चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदीने डोंगरावर गवत परतलं. आणि साक्री तालुक्यातलं बारीपाडा, तिथे गावाने सुमारे ४४५ हेक्टर जंगल राखलं. ते काम उभं करणाऱ्या चैत्राम पवार यांना २०२५ साली पद्मश्री मिळाली. तिथला वनभाज्यांचा उत्सव बघितला की महिलांना लगेच कळतं, राखलेल्या रानातून ताटात काय येतं ते.

नोव्हेंबरमध्ये न्या. मे महिन्यात नेऊ नका, सगळी रानं तेव्हा सारखीच दिसतात.

कुदळ_पावडं

घाणेरी आणि बाभळीवर लिहितो, कारण इथे चूक झाली की काम दुप्पट होतं.

घाणेरी वरून कोयत्याने तोडली तर पुढच्या पावसात चौपट फुटते. जेसीबीने ओढली तर माती सैल होते, तुकडे पसरतात आणि दडलेलं बी उजेडात येतं. जाळली तरी बुंध्यातून परत येते. दिल्ली विद्यापीठाच्या प्रा. सी. आर. बाबू यांच्या गटाने रुजवलेली मूळखोड कापण्याची पद्धत साधी आहे. दोन माणसं लागतात. एकाने लांब काठीने झुडूप एका बाजूला रेटायचं, दुसऱ्याने बुंध्याशी कुदळ घालून मुख्य मूळ जमिनीच्या ३ ते ५ सेंमी खाली तोडायचं. फुटण्याची ताकद खोड आणि मूळ जुळतं त्या गाठीत असते, तो भाग वर आला पाहिजे. मग झुडूप उलटं, मुळं आभाळाकडे करून वाळत ठेवायचं. सुलटं पडलं तर ओल्या जमिनीत फांद्या पुन्हा मुळं धरतात.

वेळ: पहिल्या पावसानंतर, माती मऊ असताना आणि फळं काळी होण्याआधी. फळं पिकली असतील तर ती गोळा केल्याशिवाय झुडूप हलवू नका.

खरी कसोटी नंतर असते. बुलबुल आणि साळुंक्या घाणेरीची फळं खाऊन जिथे बसतात त्या झाडांखाली रोपट्यांचा गालिचा येतो. पुढची दोन पावसाळी वर्षं, ऑगस्टमध्ये एकदा आणि ऑक्टोबरमध्ये एकदा, ती हाताने उपटायची. ही फेरी चुकली की पहिल्या वर्षाची मजुरी पाण्यात. मोकळ्या झालेल्या जागेवर त्याच आठवड्यात गवताचं बी फोका, नाहीतर रानतुळस जागा धरते. दरवर्षी जेवढ्या जागेची पुढची दोन वर्षं फेरी करता येईल तेवढीच जागा साफ करा. १८ हेक्टर एकदम नको.

वेड्या बाभळीला हे चालत नाही. तिचा बुंधा जमिनीखाली वीतभर खोलपर्यंत फुटतो, म्हणून ३० सेंमीपर्यंत खणून गड्डा काढावा लागतो. आणि नाल्यातली सगळी बाभूळ एका उन्हाळ्यात काढू नका! आज काठ धरून ठेवणारी मुळं तीच आहेत. एका वर्षी एकच काठ, तोही ३०-४० मीटरचे तुकडे सोडून सोडून. मोकळ्या तुकड्यात निर्गुडी आणि करंज धरले की मग पुढचा तुकडा. काढलेल्या काटेरी फांद्या फेकू नका, बी टोबलेल्या जागांवर त्या पसरायच्या आहेत. शेंगा खाल्लेल्या बकऱ्यांच्या लेंड्यांतून हिचं बी पसरतं, म्हणून शेंगांच्या दिवसात कळप बंद भागातून नेऊ नये.

माळवाट

कुदळ_पावडं दादा, गिरिपुष्पाचं काय? शेजारच्या वनक्षेत्रात आहे, बी इकडे येतं.

कुदळ_पावडं

कोवळं असताना ओल्या जमिनीतून उपटा. मोठं झाल्यावर तोडलं तर फुटतच राहतं. नव्याने एकही लावू देऊ नका, यादीतून आजच काढा. सुबाभूळही काढा, तिचं बी मातीत वर्षानुवर्षं टिकतं आणि ती नाल्यानाल्याने खाली शेतात उतरते.

भूजल_पांझरा

चरांविषयी. सगळीकडे चर हा प्रस्तावातला सर्वांत घातक भाग आहे असं माझं मत आहे.

हिशेब बघा. ६० सेंमी रुंद, ३० सेंमी खोल चरात मीटरला ०.१८ घनमीटर पाणी मावतं. हेक्टरी २५० मीटर चर खणले तर एका भरण्यात ४५ घनमीटर. एक मिलिमीटर पाऊस हेक्टरवर १० घनमीटर होतो, म्हणजे चर साडेचार मिलिमीटर वाहतं पाणी अडवतात. उघड्या, कडक झालेल्या उतारावर याचा उपयोग आहे. पण ठोंब जिवंत असलेल्या उतारावर तेच ठोंब उपटून चर खणणं म्हणजे चालू धरण फोडून तळं बांधणं. गवताचा ठोंब पाणी अडवतो, माती धरतो आणि मुळांच्या वाटेने पाणी खाली उतरवतो, तेही दर चौरस मीटरवर.

म्हणून चर फक्त तिथे, जिथे दहा पावलं चाललं तरी एकही ठोंब पायाला लागत नाही. जेसीबी नको, माणसांकडून. समतल रेषा ए-फ्रेमने (A आकाराची ओळंबा लावलेली लाकडी चौकट) किंवा हायड्रोमार्करने (पाणी भरलेल्या नळीचं पातळी दाखवणारं साधन) काढा, डोळ्याने नव्हे. रेषा वीतभर जरी कलली तरी सगळं पाणी एका टोकाला धावतं, तिथे चर फुटतो आणि घळ पडते. चर सलग लांब न ठेवता दर ४-५ मीटरवर हातभर आडवी माती सोडा. काढलेली माती खालच्या कडेला, चराच्या काठापासून २०-३० सेंमी अंतरावर. काठावरच टाकली तर पहिल्या सरीत आत येते.

घळींमध्ये सैल दगडांचे छोटे बांध, माथ्याकडून खाली. खालून सुरू केले तर पहिल्या पुरात वाहून जातात. उंची ७५ सेंमीपेक्षा जास्त नको, मधोमध सांडवा खोलगट, दोन्ही टोकं काठात घुसवलेली. दगड घळीतलेच किंवा आसपासचे सुटे. उतारावर रुतलेला दगड उपटू नका, त्याच्याखाली माती अडलेली असते.

आता आपल्या भागाची खास गोष्ट. धुळे-नंदुरबारमध्ये काळ्या खडकाच्या लांबच लांब भिंती, डाइक, पूर्व-पश्चिम पसरल्या आहेत. घट्ट डाइक जमिनीखालचं पाणी अडवतो, भेगाळलेला डाइक पाणी वाहून नेतो. तुमच्या शिवारात असा कणा असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंच्या विहिरींची पातळी मार्च ते मे दरमहा मोजा. वरच्या विहिरींना पाणी जास्त असेल तर तो नैसर्गिक बंधारा आहे. नाला खोलीकरणाच्या नावाखाली तो फोडला की वरच्या विहिरी उतरतात, हे कंत्राटदार सांगत नाही.

सातपुडा_पायथा

भूजल_पांझरा यांच्या मुद्द्याला चोपडा-यावल-रावेरकडून जोड. सातपुड्याच्या पायथ्याशी बझाडाचा पट्टा आहे, डोंगरातल्या ओढ्यांनी आणून टाकलेले गोटे, वाळू, माती. अनेर, सुकी, मोर यांसारख्या नद्यांचं पाणी तिथे जमिनीत मुरतं आणि खालच्या केळी पट्ट्यातल्या विहिरी-बोअरना मिळतं. वरचं रान उघडं पडलं की पुराबरोबर बारीक गाळ येतो आणि त्या गोट्यांमधल्या पोकळ्या बुजतात. पाणी वरून निघून जातं, मुरत नाही. केळीवाल्या शेतकऱ्याला यावलच्या डोंगरातल्या अंजनाशी काय देणंघेणं, याचं उत्तर हे आहे.

वाटाड्या_ठेलारी

इथवर जनावरांचा प्रश्न कुणी नीट घेतला नाही. ४० हेक्टर एकदम बंद केले तर बकऱ्या उद्या जाणार कुठे? शेजारच्या गावाच्या गायरानात. मग भांडण. आणि ज्या घराला जमीन नाही, त्याच घराच्या बकऱ्या असतात.

तीन भाग करा. पहिल्या वर्षी १४ हेक्टर बंद, बाकी उघडे. बंद भाग निवडताना ज्यात मोजणीत खुंट जास्त निघाले आणि गवताचे ठोंब शिल्लक आहेत तो आधी घ्या, म्हणजे फरक लवकर दिसतो. ३ ते ४ वर्षं पूर्ण बंदी, मग दुसरा भाग. उघडल्यावर आधी गाई-बैल, मग मेंढ्या, बकऱ्या सर्वांत शेवटी, झाडांचे शेंडे दीड-दोन मीटरच्या वर गेल्यावरच.

मेंढपाळांच्या वाटा ठरलेल्या आहेत. ठेलारी मेंढपाळांचे कळप ज्या वाटेने जातात ती वाट आणि पाणवठा नकाशावर आधी आखा आणि मोकळा ठेवा. ग्रामसभेला त्यांच्यातल्या जाणत्यांना बोलवा. वाट अडवलेलं रान टिकत नाही, रात्री कुंपण मोडतं. उलट कापणीनंतर ठरल्या दिवसांपुरत्या मेंढ्या बसवल्या तर लेंडीखत मिळतं.

बंद भागातून चारा घरी न्यायचा. कापणी दिवाळीनंतर, बी गळल्यावर, १० ते १५ सेंमी ठोंब ठेवून. त्याखाली कापलं तर पुढच्या वर्षी ठोंब मरतुकडा येतो. किती कापायचं? ऑक्टोबरअखेर एक बाय एक मीटरचे वीस चौकोन कापा, वाळवा, तोला. चौरस मीटरला १०० ग्रॅम म्हणजे हेक्टरी एक टन. वरचा आणि मधला मिळून ३४ हेक्टर पुढे-मागे राखले गेले तर ३४ टन. निम्मं रानात ठेवा, १७ टन घरी न्या. देशी गाय दिवसाला ६ किलो कोरडा चारा खाते, फेब्रुवारी ते मे या १२० दिवसांना ७२० किलो. म्हणजे सुमारे २३ जनावरांचा कडक उन्हाळा निघतो. रान सुधारून २०० ग्रॅम झाले की दुप्पट. ग्रामसभेत हा हिशेब फळ्यावर मांडा. विळा कुणाचा, भारा किती, पैसे कुठे जमा, हे त्याच दिवशी लिहून घ्या.

साक्रीचा_भाऊ

कायद्याची बाजू थोडक्यात. आधी सातबारा बघा. गायरान असेल तर ती ग्रामपंचायतीच्या ताब्यातली सार्वजनिक जमीन, ठराव ग्रामसभेचा हवा. गावाची सामायिक जमीन अतिक्रमणापासून राखावी, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०११ चा जगपाल सिंग निकाल आहे, तो फाइलला जोडा. वनजमीन असेल तर २००६ च्या वनहक्क कायद्यातलं कलम ३(१)(झ) बघा, सामूहिक वनसंसाधन राखण्याचा, त्याच्या पुनर्निर्मितीचा आणि व्यवस्थापनाचा हक्क ग्रामसभेला त्यात आहे. नंदुरबारमध्ये बऱ्याच गावांकडे असे दावे मंजूर आहेत. तिथे ग्रामसभेची समिती नेमून व्यवस्थापन आराखडा करा, त्यात वरची सगळी कामं लिहा आणि रोजगार हमीत बसवा.

कार्बनचे पैसे देतो म्हणणारं कुणी आलं तर करार मराठीत मागा. किती वर्षांचा, चराई आणि कापणीचा हक्क कुणाकडे राहतो, ही दोन कलमं वाचल्याशिवाय अंगठा नको.

तिखाडी

मोकळ्या जागी काय आणि कसं टोबायचं ते सांगते.

अंजनाचं बी आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपास पंखासकट गळतं. भरघोस बी तीन-चार वर्षांतून एकदाच येतं, त्या वर्षी गोळा करून घ्या. पिशवीत अंजन वाढवू नका. पहिल्या वर्षी ते वर बोटभर आणि खाली हातभर वाढतं. पिशवीच्या तळाशी मूळ गोल फिरतं, आणि तसं लावलेलं अंजन तिसऱ्या-चौथ्या वर्षी एकाएकी वाळतं. जागेवरच टोबा. टोबलेलं रोपटं पहिल्या उन्हाळ्यात वरून सुकलेलं दिसेल, उपटू नका, पावसात मुळापासून परत येतं.

खैराचं बी २४ तास पाण्यात. बोराची आठळी फोडून. कडुनिंब आणि मोह ताजेच, दोन-तीन आठवड्यांत उगवण संपते. मोहाची टोळंबी म्हणजे बी तेलकट, उंदीर आणि साळिंदर उकरतात, म्हणून वर काटे हवेतच. साळई आणि मोईचं बी फसवं, त्यापेक्षा मनगटाएवढ्या जाड, दीड मीटरच्या फांद्या मे अखेर ४५ सेंमी खोल रोवा. त्या माथ्यावर, हेक्टरी चार-पाचच.

टोबण्याची वेळ दुसरा चांगला पाऊस. पहिल्या सरीला टोबलं आणि मग तीन आठवडे उघाड पडली तर कोंब जळतो. पहारेने भोक, दोन-तीन सेंमी खोल, दोन बिया, पायाने दाब. जागा कोणती? बोराच्या, हिवराच्या किंवा निवडुंगाच्या झुडपाच्या पोटात, उत्तरेच्या बाजूला. काटे राखतात, सावली राखते. म्हणूनच 'झुडपं साफ करा' हा आदेश कधी देऊ नये.

बीजगोळ्यांचा कार्यक्रम करणार असाल तर एक सांगणं. कडक उतारावर फेकलेला गोळा तिथेच वाळतो, मुंग्या आतलं बी नेतात, आणि उगवलंच तर मूळ जमिनीत शिरण्याआधी ऊन गाठतं. मुलांच्या हातात गोळे देण्याऐवजी छोटी पहार आणि बी द्या.

अंजनपान

फुटवे निवडण्याबद्दल लिहायचं राहिलं. बंदीच्या पहिल्या वर्षी कात्री लावू नका. दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षी, फेब्रुवारीत, नवी पालवी येण्याआधी, प्रत्येक खुंटावर दोन-तीन फुटवे ठेवा. जमिनीलगत निघालेले ठेवा, खुंटाच्या वरच्या तोंडातून निघालेले मोठे होऊन वाऱ्याने फाटतात. ठेवलेल्या फुटव्याच्या खालच्या निम्म्या उंचीपर्यंतच्या फांद्या छाटा, त्याहून वर नाही. काप तिरका आणि धारदार, साल सोलली गेली तर वाळवी शिरते. एप्रिलमध्ये छाटलं तर उघडी साल उन्हाने भाजते. नायजरमध्ये टोनी रिनाउडो यांनी १९८३ पासून शेतकऱ्यांबरोबर हेच केलं, शेतातल्या खुंटांवरून सुमारे ५० लाख हेक्टरवर झाडं परतली. तिथला पाऊस आपल्यापेक्षा कमी.

रानपिंगळा_तोरणमाळ

पाखरांच्या बाजूने दोन गोष्टी. रानपिंगळा या छोट्या घुबडाचा १८८४ नंतर ठावठिकाणा नव्हता, तो १९९७ मध्ये सापडला तो आपल्याच शहाद्याजवळ. तो मोकळ्या, विरळ सागाच्या रानात राहतो आणि जुन्या झाडांच्या ढोलीत घरटं करतो. दाट लागवड त्याच्या कामाची नाही. वाळलेलं, पोकळ झाड सरपणाला तोडू नका. हेक्टरी तीन-चार तरी ठेवा, घुबडं, पोपट, धनेश सगळ्यांना लागतात.

कापणी करताना मधून बाहेरच्या बाजूला कापत जा. बाहेरून आत कापलं तर लाव्हे आणि तित्तिर मधल्या तुकड्यात अडकतात. दरवर्षी गवताचा एक पट्टा अजिबात न कापता सोडा, फक्त जागा बदलत राहा. उघड्या खडकाळ जागाही सगळ्या भरू नका, धाविक आणि पखुर्डी तिथेच अंडी घालतात.

माळवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. वणव्याबद्दल कुणी बोललं नाही. तीन वर्षं न चरलेलं गवत म्हणजे मार्चमध्ये काडीपेटीच.

कुदळ_पावडं

बरोबर. डिसेंबरात बंद भागाच्या चारही कडांनी ५-६ मीटरचा पट्टा जमिनीलगत कापून चारा घरी न्या. तीच जाळरेषा, जाळायची गरज नाही. या एका पट्ट्यात ठोंब राखायचा नियम सोडायचा. रस्त्याच्या आणि शेताच्या बाजूला रुंदी वाढवा, बांध जाळताना ठिणगी तिकडूनच येते. आतही दर ४-५ हेक्टरला एक आडवा पट्टा. मोहाखाली पाला जाळण्याऐवजी खराट्याने झाडून गोल मोकळा करा, जुन्या साड्या अंथरल्या तर फुलंही स्वच्छ मिळतात. १५ फेब्रुवारी ते पावसापर्यंत रोज दुपारी ११ ते ५ टेकडीवर दोन माणसं हवीत. राखणदाराची मजुरी चाऱ्याच्या पैशातून आधी बाजूला काढा, उरलं तर द्यायचं असं ठेवू नका.

तापीकाठ_जळगाव

माझी शंका बरीच फिटली. १२,००० रोपांच्या जागी नाल्याकाठच्या ६ हेक्टरात ३००-४०० करंज, उंबर, अर्जुन, जांभूळ चालतील का? बाभूळ निघेल तिथे?

तिखाडी

चालतील, पण बाभूळ ज्या तुकड्यात निघाली तेवढ्याच तुकड्यात. उंबराच्या फांद्याही रुजतात. जांभूळ आणि अर्जुन पाण्याच्या कडेला, करंज एक पायरी वर, पुराच्या रेषेच्या आसपास. रोपं दोन वर्षांची, किमान १ मीटर उंच घ्या, वीतभर रोप पहिल्या पुरात गाळाखाली जातं. आणि माळवाट भाऊ, फोटोची जागा आजच ठरवा. प्रत्येक भागात एक दगड रंगवा, त्यावर उभं राहून एकाच दिशेने दर ऑक्टोबर आणि दर मे महिन्यात फोटो. बंदी सुरू होण्याआधीचा फोटो नंतर मिळत नाही.